ब्रेकचा डबा आणि बांबूची काडी

मित्रांनो, शाळा भरताना आणि सुटताना ज्याच्यावर तुमची हातोडी पडते, तो मी. तुम्ही मला घंटा म्हणता आणि मीही मुकाट्याने ओ देतो. पण जरा जवळ येऊन बघा. घंटेला लोलक असतो, मला नाही. घंटा वाजण्यासाठीच घडवलेली असते. मला घडवणाऱ्याच्या मनात उत्रोलीची शाळा नव्हती आणि तुम्हीही नव्हता. मी एका सर्व्हिस मोटारीच्या मागच्या उजव्या चाकातला ब्रेकचा डबा, म्हणजे ड्रम, आहे. माझी गोलाई गेली, म्हणून मी इथे तुळईला लटकतो आहे.

माझ्याच तारेला सुतळीने बांधलेली एक बांबूची काडी लोंबते. असेल दीड वीत लांब. तुमच्यापैकी दोघांनी मागच्या संक्रांतीला ती पतंगासाठी पळवायचा बेत केला होता, तो मी ऐकला आहे. ती काडी तोडायची नाही, असे गुरुजींनी तुम्हाला बजावले आहे. का, ते मात्र त्यांनी सांगितले नाही, कारण त्यांनाही ते अर्धेच ठाऊक आहे. पुरते मला ठाऊक आहे. सांगताना मी स्वतःची बाजू फार राखणार नाही. बिघाड माझ्या अंगात होता आणि बोल लागला तो एका माणसाला.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. जाड पोलादी पत्रा, त्यावर एक प्रचंड दाबयंत्र, एक दणका, आणि मी झालो. मग आतून घासून मला आरशासारखे केले. एका कारागिराने आत माप घातले, फिरवून पुन्हा घातले, आणि मान डोलावून मला पुढे ढकलले. त्याचा चेहरा आठवत नाही, पण तो माप दोनदा घालायचा हे आठवते. पुढे बोटीने मुंबई, मग पुणे. पुण्यात आमच्या नुसत्या सांगाड्यावर लाकडी बॉडी चढली, बाके आली, टपावर सामानाचा कठडा आला, आणि १९३२ साली आम्ही भोरला आलो. तेव्हा भोर हे संस्थान होते. मोटारीचे मालक सावळारामशेठ आणि ड्रायव्हर मौलाली. सकाळी भोरहून पुणे, दुपारनंतर पुण्याहून भोर, हा आमचा नेम.

माझे काम सोपे होते. माझ्या पोटात शू म्हणतात त्या दोन अर्धगोल लोखंडी कमानी असायच्या आणि त्यांच्यावर जाडजूड पट्टे ठोकलेले असायचे. ड्रायव्हरने पाय दाबला की लांब सळया ओढल्या जायच्या, शू फाकायचे आणि पट्टे मला आतून घट्ट धरायचे. मी थांबलो की चाक थांबायचे. पळण्याचे कौतुक सगळ्यांना असते, थांबण्याचे कोणाला नसते. खंडेनवमीला शेठ झेंडूचा हार इंजिनाला घालायचे, कुंकू लावायचे दिव्यांना. मौलाली मात्र उरलेले एखादे फूल आमच्या चाकाच्या फटीत खोचून ठेवायचा. ते दहा कोसांत कुठे पडायचे कोण जाणे. पण खोचलेले मला कळायचे.

मौलाली पन्नाशीचा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. मोटार सुरू करण्याआधी तो चारही चाकांच्या नटांवर बोटाचे पेर वाजवून बघायचा. त्याचे वडील संस्थानच्या पागेत होते. म्हातारपणी त्यांना कंप सुटला. आधी पाय, मग हात. शेवटी पाण्याचा पेलाही बायको तोंडाला लावायची. हे मौलालीने मला सांगितले नव्हते. पण मोटार रोज त्याच्याच परड्यात उभी असायची आणि भिंतीपलीकडचे बोलणे चाकाला ऐकू येते.

अकरा वर्षे अशी गेली. मग महायुद्धामुळे पेट्रोलची कुपने मिळेनाशी झाली, आणि १९४३च्या पावसाळ्यात मोटार साडेतीन महिने परड्यात पेंढ्याच्या छपराखाली उभी राहिली. भोरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. छपराला भोक होते आणि ते नेमके माझ्या डोक्यावर होते. मी गंजलो. चाकाच्या मधला जो तुंबा असतो, त्याला मी गंजून असा चिकटलो की आम्ही दोघे एकजीव झालो.

दिवाळीच्या सुमारास कुपने पुन्हा मिळू लागली. मौलालीने मोटार घरीच दुरुस्त करायला घेतली. जुने पट्टे झिजून खिळ्यांना लागले होते. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने नवे पट्टे पैदा केले, स्प्रिंगा आणल्या, तुंब्याचे बोल्ट आणले. बोल्ट बदलायचे तर मला तुंब्यापासून वेगळे करायला हवे होते. मौलालीने रॉकेल घातले, ठोकले, शिव्याही दिल्या. मी हललो नाही. मग त्याने आम्हा दोघांना उचलले आणि समोरच्या गल्लीतल्या कोंडिबा लोहाराच्या भात्यापाशी नेऊन ठेवले.

कोंडिबा आणि मौलाली एका वयाचे. नदीत पोहायला शिकले तेही बरोबर. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात कोंडिबाचा हात धरणारा भोर-वेल्ह्यात कोणी नव्हता. गुंजवण्याहून लोक चाके घेऊन त्याच्याकडे यायचे. धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि बसली रे बसली की चहूबाजूंनी पाणी ओतायचे. फसफस आवाज होतो, वाफ उठते, धाव आखडते आणि चाकाला जन्माची मिठी मारते. पाणी ओतायला एका बाजूला कोंडिबा असायचा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको बनाबाई. आणि उरलेल्या दोन बाजूंना गाडीवान.

“मोटारीचं हाय, कोंडिबा. जरा बेतानं,” मौलाली म्हणाला.

“मोटारीचं काय आन् गाडीचं काय, लोखंडच न्हवं ते? तापलं की ढिलं व्हतंय,” कोंडिबा म्हणाला. “तू जा, पट्टं ठोक जा तुजं. तासाभरात सोडवून आनतो.”

त्याचे बोलणे खोटे नव्हते. त्याने माझ्याभोवती गोवऱ्या रचल्या, भाता मारला, आणि मी लाल होऊन पसरलो. लाकडी हातोड्याचे चार ठोके बसले आणि अकरा वर्षांचा तुंबा माझ्या मधून खाली पडला. काम झाले होते. आता मला तिथेच राखेत निवू दिले असते, तर ही गोष्टच नसती.

पण हाताला सवय असते. समोर लाल लोखंडी कडे दिसले आणि कोंडिबाचा हात आपोआप घागरीकडे गेला. “वत गं!” तो ओरडला. बनाबाईने पलीकडून हंडा उपडा केला. त्या दिवशी गाडीवान कोणी नव्हते. पाणी दोनच बाजूंनी पडले. त्या दोन बाजू आखडल्या, बाकीच्या दोन तशाच राहिल्या. फरक किती म्हणाल तर दोन नखांच्या जाडीएवढा. डोळ्यांना दिसत नाही. बनाबाईने मला चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत केले आणि कोंडिबाने मिशीला पीळ भरत मला मौलालीच्या हातात ठेवले.

मी लंबगोल झालो होतो, आणि ते फक्त मला माहीत होते.

पहिल्याच फेरीला कात्रजचा बोगदा ओलांडून आम्ही पुण्याकडच्या उताराला लागलो. बाकावर वीस माणसे आणि टपावर तांदळाची पोती होती. मौलालीने ब्रेकवर पाय ठेवला. पट्ट्यांनी मला धरले, मी त्यांना ढकलले. पुन्हा धरले, पुन्हा ढकलले. चाकाच्या एका फेऱ्यात दोनदा. तो धक्का सळयांतून पुढे गेला आणि थेट त्याच्या तळपायाला भिडला. मोटार धडधडत उतरू लागली. खिडक्या वाजू लागल्या. कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या भाटघरच्या फुलाबाईने देवाचे नाव घेतले. ब्रेक सोडला की सगळे शांत, दाबला की पुन्हा तेच. उतार संपेपर्यंत मौलालीने सगळा जीव उजव्या पायात गोळा केला होता. स्वारगेटला तो खाली उतरला तेव्हा तो पाय मांडीपासून थरथरत होता.

“मौलालीभाई, पाय का कापतोय तुमचा?” फुलाबाईने काळजीनेच विचारले. तिच्या मनात पाप नव्हते. पण ती बाजाराची बाई. संध्याकाळपर्यंत हा प्रश्न भोरच्या चौकात पोचला आणि पोचेपर्यंत त्यातला प्रश्न गळून गेला होता. मौलालीचा पाय कापतो, एवढेच उरले.

मौलालीने शोध सुरू केला. त्याची पद्धत चांगली होती, हे मी आजही म्हणेन. हादरा फक्त ब्रेक दाबल्यावर येतो, म्हणजे टायरचा किंवा आसाचा दोष नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले. चाकांचे नट पुन्हा आवळले. सळयांच्या पिना बदलल्या. नव्या पट्ट्यांचे खिळे वर आले आहेत का, ते बोट फिरवून पाहिले. पट्टे कानशीने घासले, टोके उतरती केली. नव्या स्प्रिंगा काढून जुन्या बसवल्या. शेवटी डाव्या चाकातले शू उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे केले. दर वेळी तो मला उचलायचा, फडक्याने पुसायचा, पेंढीवर ठेवायचा आणि काम झाले की परत चढवायचा. एकदा तर त्याने मला थोपटले. “ह्यो तर जुनाच हाय,” तो म्हणाला. “अकरा वरसं ह्यानं कदी तरास दिला न्हाई.”

मित्रांनो, त्याची चूक इथे होती, आणि ती कोणाचीही झाली असती. जे जे नवीन बसवले त्याच्यावर त्याचा संशय होता. जे जुने होते त्याच्यावर विश्वास होता. मी ओळखीचा, म्हणून मी सुटलो. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण तेव्हा मला कोणी हातोडीने वाजवत नव्हते. मी पेंढीवर गप्प पडून राहिलो आणि माझ्या पोटातून विश्वासाने फिरणारे फडके सोसत राहिलो.

आठव्या दिवशी सगळे तपासून झाले. मौलाली परड्यात दगडावर बसला. त्याची बायको अजीजुन्निसा चहा घेऊन आली.

“सापडलं का काय?”

“समदं बगितलं. आता येकच ऱ्हायलं,” तो म्हणाला.

“काय?”

मौलालीने चहा बाजूला ठेवला. उजव्या मांडीवर हात ठेवून तो बसून राहिला. चहावर साय धरली. वडिलांचे वय किती होते, पहिल्यांदा पाय कापला तेव्हा, याचा तो हिशेब करत होता. अजीजुन्निसाला ते कळले आणि मलाही. मी लोखंड आहे, मला फार वाईटबिईट वाटत नाही. त्या दिवशी वाटले.

नवव्या दिवशी सावळारामशेठ स्वतः आले. चांगला माणूस. ते ओसरीवर न बसता उभेच राहिले, त्यावरून मी ओळखले.

“मौलाली, माझा तुमच्यावर राग न्हाई. पन वीस माणसं बसत्यात हो मोटारीत. पाय थरथरतो म्हणून ब्रेक तुटक लागतो, असं लोक म्हनत्यात. संस्थानच्या मोटार खात्यापत्तूर गेलं तर तुमचं लायसनबी जाईल आन् माझी सर्व्हिसबी. मी पुन्याहून येक ड्रायव्हर बोलावलाय. त्याला चालवून बगू द्या. गाडीत दोष निगाला तर तुमीच परत बसा.”

“आन् न्हाई निगाला तर?”

शेठनी फेट्याचे टोक नीट केले. “मग बगू,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक नावाचा तरणा ड्रायव्हर आला. त्याने मोटार भोरच्या चौकातून उत्रोलीपर्यंत नेली आणि परत आणली. मोटार रिकामी, रस्ता सपाट. त्याने ब्रेकवर बोटभर पाय टेकला, मोटार हळूच थांबली. रिकाम्या मोटारीत माझा धक्का तो किती! एक बारीक कुरकुर, ती लाकडी बॉडीच्या करकरीत बुडून गेली. कुंडलिक खाली उतरला. शेठ, मौलाली, कोंडिबा आणि चौकातले दहाबारा लोक वाट बघत होते.

“गाडी येकदम ब्येस हाय, शेठ,” कुंडलिक म्हणाला. तो खोटे बोलला नाही. त्याला जेवढे विचारले होते तेवढेच त्याने सांगितले.

मौलालीने सीटखालून इंजिन सुरू करायचे लोखंडी हँडल काढले. अकरा वर्षांत त्याचा मधला भाग त्याच्या तळव्याने गुळगुळीत झाला होता. त्याने ते फडक्याने पुसले आणि कुंडलिकच्या हातात दिले. उद्या सकाळपासून कुंडलिक मोटार नेणार, एवढे ठरले. कोंडिबाने मौलालीच्या खांद्यावर हात ठेवला, तर मौलालीने तो हळूच बाजूला केला आणि घरी चालू लागला. लोकांनी त्याच्या चालीकडे पाहिले. लोक पाहताहेत हे कळल्यावर कोणाचाही पाय जरा अडखळतो. त्याचा अडखळला.

मोटार त्या रात्रीपुरती अजून त्याच्याच परड्यात होती. दुपारी तो ओसरीवर आडवा पडला. अजीजुन्निसा तिळाचे तेल घेऊन आली आणि त्याच्या पायाला चोळू लागली. चोळता चोळता ती थांबली. मग उठून आत गेली आणि काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी घेऊन आली.

“उटून बसा. पाय सोडा वसरीखाली. आता गुडघ्यावर ही वाटी ठिवते.”

“काय खुळ्यावानी करतीस?”

“बसा म्हनते ना.”

तिने वाटी ठेवली. दोघेही वाटीकडे बघत राहिले. मीही बघत होतो. पाणी हलले नाही. छपरावरून कावळा उडाला, पेंढ्याची काडी पाण्यात पडली, ती तिथेच तरंगत राहिली.

“अब्बाजींच्या हातात पेला निम्मा सांडायचा,” अजीजुन्निसा म्हणाली. “म्या सून व्हते, म्या पुसलंय ते पानी. ह्यो पाय कापत न्हाई.”

“मग गाडीबी कापत न्हाई. कुंडलिक बोलला न्हवं?” मौलाली म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवा झाला. माणसाला एकदा आपल्यावरच संशय आला की भरलेली वाटीही त्याला पुरत नाही.

अजीजुन्निसाने मात्र वाटी उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तशीच समोरच्या गल्लीत कोंडिबाच्या दारात गेली. पुढचे मला कोंडिबाच्या तोंडून कळले, कारण ही गोष्ट तो नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तो तेव्हा एका गाडीच्या चाकाचे माप घेत होता. चाकाच्या आत बांबूची काडी तुंब्यापासून कडेपर्यंत आडवी बसवायची, मग काडी फिरवून उभी बसवायची. दोन्हीकडे सारखी बसली तर चाक गोल. हे तो बापाकडून शिकला होता आणि धाव चढवल्यावर ही काडी फिरवल्याशिवाय त्याने एकही चाक दाराबाहेर जाऊ दिले नव्हते.

“भावजी,” अजीजुन्निसा म्हणाली, “त्यांचा पाय हलत न्हाई, म्या पानी ठिवून बगितलं. मंग काय हलतंय, ते तुमी सांगा.”

कोंडिबा हातातल्या काडीकडे बघत राहिला. मोटारीच्या चाकातले एक कडे मात्र त्याने काडी न फिरवता दाराबाहेर जाऊ दिले होते.

तो परड्यात आला. मागून बनाबाई आली. त्याने मोटारीखाली लाकडी ठोकळे लावले, चाक काढले, मला काढले आणि उन्हात उताणे ठेवले. बांबूची एक नवी काडी माझ्या पोटात आडवी धरून बेताने छाटली. ती चपखल बसली. त्याने काडी धरली आणि चतकोर फिरवली.

काडी खाली पडली.

त्याने ती उचलून परत बसवली. आडवी बसली. फिरवली, पडली. तिसऱ्यांदा त्याने काडी बनाबाईकडे दिली. तिनेही तेच केले.

“दोनच बाजूंनी वतलं आपन,” बनाबाई हळू म्हणाली. “गाडीवान न्हवते त्या दिशी.”

“वतायचंच न्हवतं,” कोंडिबा म्हणाला. “पानीच लागत न्हवतं त्याला.”

त्यांच्यापुढे काय होते, ते सांगतो. मी जुना होतो. डबा झिजला, असे कोंडिबाने म्हटले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. मौलालीही सुटला असता आणि कोंडिबाचे नावही राहिले असते. बनाबाईच्या तोंडावर ते आले, मी पाहिले. तिने तोंड उघडले आणि नवऱ्याकडे बघून मिटले. लोहाराचे सगळे नाव त्याच्या पाण्यात असते. त्याने चुकीचे पाणी दिले, एवढे एकदा बाहेर पडले की त्याच्या भात्यापुढे चाक कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात उतारू मोटारीची वाट बघत होते. शेठ होते, कुंडलिक हातात हँडल घेऊन उभा होता. मोटारीऐवजी कोंडिबा आला. मी त्याच्या खांद्यावर होतो, काडी कानावर. मागे मौलालीला जवळजवळ ओढत अजीजुन्निसा येत होती. कोंडिबाने मला चौथऱ्यावर ठेवले.

“शेठ, ह्यो बगा डबा,” तो म्हणाला आणि काडी बसवली. “हितं बसली. आता बगा.” त्याने ती फिरवली. काडी टणकन पोटात पडली. “तुमी बसवून बगा. कुंडलिक, तूबी ये. रिकाम्या गाडीत काय कळायचं न्हाई ह्ये. वझं घालून घाट उतर, मंग तुजाबी पाय असाच नाचंल.”

कुंडलिकने काडी बसवली, फिरवली. मग त्याने मौलालीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“झिजला म्हनायचा,” शेठ म्हणाले.

अजूनही वाट मोकळी होती. शेठनी ती आपणहून दाखवली होती. नुसते ‘व्हय’ म्हणायचे होते.

“न्हाई, झिजला न्हाई,” कोंडिबा म्हणाला. “म्या बिगडवला. गाडीच्या धावेवानी लाल केला आन् पानी वतलं. वतायला नगं व्हतं. आन् वतल्याव काडी फिरवली न्हाई. मौलालीचा पाय चांगला हाय, शेठ. हात माजा चुकला.”

फुलाबाई कोंबड्यांची पाटी घेऊन तिथेच बसली होती. ती उठली आणि मौलालीपुढे जाऊन म्हणाली, “भाई, म्याच बोलले व्हते पायाचं. तोंड जळो माजं.” कुंडलिकने हँडल पुढे केले, ते मौलालीने घेतले. मग तो कोंडिबापाशी गेला. मला वाटले भांडेल, किंवा मिठी मारेल. त्याने दोन्ही केले नाही. त्याने माझ्या पोटातली काडी उचलली, एकदा बसवली, एकदा फिरवली आणि पडू दिली. “आट दिवस ह्यालाच पुसत व्हतो म्या,” तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि कोंडिबाच्याही.

त्या दिवशी मोटार गेली नाही. शेठनी पुण्याहून एका मोडीतल्या लॉरीचा डबा मागवला. कोंडिबाने आधी काडी फिरवून पाहिली आणि मगच तो बसवू दिला. पुढच्या खेपेला कात्रजच्या उतारावर मोटार अगदी सरळ थांबली म्हणे. मी तिथे नव्हतो.

कोंडिबाकडे दोन महिने एकही चाक आले नाही. गुंजवण्याचे लोक दुसरीकडे जाऊ लागले. त्याने मला भात्याच्या दारात टांगले आणि काडी माझ्याच तारेला बांधली. “ह्ये का टांगलंय?” असे कोणी विचारले की तो सगळे सांगायचा. एक अक्षर कमी करायचा नाही. तिसऱ्या महिन्यात गुंजवण्याचा रखमाजी गाडीची दोन चाके घेऊन आला. “जो आपली चूक दारात टांगतो, त्याच्याकडं चाक द्यायला भ्या कशाला?” असे तो म्हणाला. मग बाकीचेही आले. सगळे मात्र आले नाहीत.

कोंडिबा गेल्या वैशाखात वारला. भोर संस्थानही आता राहिले नाही. तुमच्या गुरुजींना घंटा हवी होती, तेव्हा बनाबाईने मला देऊन टाकले. देताना एकच अट घातली, काडी टाकायची नाही. मौलाली अजून मोटार नेतो. तुमच्या शाळेसमोर आला की तो ब्रेकवर पाय ठेवतो, मोटार आवाज न करता थांबते, आणि माझा टोल पुरता विरला की तो पुढे जातो. उतारूंना वाटते, मुले रस्ता ओलांडतील म्हणून थांबला.

माझा टोल कधी नीट ऐकला आहे का? गोल भांडे एका सुरात वाजते. मी दोन बाजूंनी दबलो आहे, म्हणून माझ्यातून दोन सूर निघतात आणि ते एकमेकांशी भांडत लांबतात. घंटा म्हातारी झाली, तिचा आवाज कापतो, असे गुरुजी म्हणतात. म्हातारी नाही झाली, मित्रांनो. ही तीच थरथर आहे, जी अकरा दिवस मौलालीच्या पायावर घातली गेली. ती माझी होती. आता ती रोज मी माझ्याच तोंडाने सांगतो.

म्हणून मी एवढेच मागतो. मला वाट्टेल तेवढे बडवा, पण काडी जपा. अमक्याचा पाय कापतो, तमक्याचा हात चुकतो, असे कोणी तुम्हाला सांगू लागले, तर आधी ही काडी सोडवून घ्या आणि आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या वस्तूंनाही लावून बघा. आणि एकदाच लावून थांबू नका. एकदाच लावली तर मीसुद्धा गोल निघतो.